गळती कंपनीची, मग सफाईची सूत्रंही कंपनीकडेच का?

प्रश्न असा आला आहे: "2010 साली मेक्सिकोच्या आखातात झालेल्या तेलगळतीबद्दल वाचत होतो. विहीर कंपनीची, चूक कंपनीची, आणि ती बंद करायची खटपटही 87 दिवस कंपनीच करत होती. सरकारने तिला बाजूला सारून सगळं ताब्यात का घेतलं नाही? कुंपणाने शेत खाल्लं आणि आपण पुन्हा त्याच कुंपणाला राखणीला बसवलं, असं नाही का हे? नियम कडक असते तर हे टळलं असतं का? आणि या सगळ्यात लोकांचा काही सहभाग असावा का?"

गेली पंचवीसेक वर्षं मी तेलगळती निवारणाच्या कामात आहे. पहिली काही वर्षं बोटीवर बूम, म्हणजे तेल अडवणारं तरंगतं कुंपण, ओढण्यात गेली, पुढची कंपन्यांचे आणीबाणी आराखडे तपासण्यात आणि सराव घेण्यात. तुमच्यासारखा राग मलाही यायचा. आता तो वेगळ्या जागी येतो. कुठे, ते सांगायचा प्रयत्न करतो.

आधी प्रश्नाची थोडी फोड करू. "सफाई" म्हणताना आपण तीन निराळी कामं एकत्र बांधतो. तेल जिथून येतंय ते तोंड बंद करणं हे एक. पाण्यावर आलेलं तेल अडवणं, उचलणं, किनारा वाचवणं हे दुसरं. आणि किती तेल आलं, कुठे गेलं, काय बिघडलं याची मोजदाद हे तिसरं. पहिलं काम जगातलं जवळपास कुठलंच सरकार स्वतःच्या हाताने करू शकत नाही. दुसरं काम सरकार करू शकतं, पण खर्च आणि माणसं कंपनीची लावणं शहाणपणाचं ठरतं. तिसरं काम मात्र कंपनीच्या हाती एक दिवससुद्धा राहू नये असं माझं मत आहे. 2010 साली खरी गफलत झाली ती या तिसऱ्या कामात.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो. टँकर फुटला तर पोटात होतं तेवढंच तेल येतं, विहीर उसळली तर खालचा साठा संपेपर्यंत किंवा तोंड बंद होईपर्यंत येत राहतं. हलकं तेल दोन दिवसांत बरंचसं उडून जातं, जड इंधनतेल महिनोन्महिने चिकटून बसतं. 80 मीटर पाण्यात पाणबुडे उतरतात, 1500 मीटरवर फक्त दूरनियंत्रित यंत्रं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते मुख्यतः समुद्रातल्या विहिरींबद्दल आहे. टँकरची गोष्ट मध्ये येईल, कारण आजचे बरेचसे नियम टँकरच्या अपघातांतून जन्मले आहेत.

20 एप्रिल 2010 च्या रात्री बीपी कंपनीची विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या रिगवर स्फोट झाला, 11 माणसं गेली. दोन दिवसांनी रिग बुडाली. विहीर लुइझियानाच्या किनाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, दीड किलोमीटर पाण्याखाली. तिथे काम करायला लागतात त्या खास बोटी, दूरनियंत्रित पाणबुड्या, ते चालवणारे हात आणि विहिरीच्या पोटात कुठला पाइप कुठे आहे याची माहिती, हे सगळं तेल उद्योगाकडेच होतं. नौदलाकडे पाणबुड्या असतात, पण वाहती तेलविहीर बंद करायची सामग्री नसते. कंपनीला हाकलून दिलं असतं तर तीच माणसं, त्याच बोटी सरकारला भाड्याने घ्याव्या लागल्या असत्या. मध्ये जे दिवस गेले असते ते वेगळेच.

कायद्यात मात्र अधिकार होता. 1989 साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हा टँकर खडकावर चढल्यानंतर अमेरिकेने 1990 मध्ये तेलप्रदूषण कायदा केला. त्यात खर्च गळती करणाऱ्याचा आणि हुकूम सरकारी समन्वयक अधिकाऱ्याचा, अशी मांडणी आहे. हा अधिकारी कंपनीच्या कामावर लक्ष ठेवू शकतो, तिला आदेश देऊ शकतो आणि गरज पडली तर काम स्वतःकडे घेऊ शकतो. तेलाच्या प्रत्येक पिंपावरच्या (बॅरलवरच्या) करातून एक निधी उभा केलेला आहे, म्हणजे कंपनीने पैसे सोडेपर्यंत हात बांधून बसावं लागत नाही. समुद्रात हा अधिकारी तिथल्या तटरक्षक दलाचा असतो. भारतातही समुद्रातल्या तेलगळतीच्या समन्वयाची जबाबदारी तटरक्षक दलाकडेच आहे. तेव्हा "सरकारने ताब्यात का घेतलं नाही" या प्रश्नाला कायद्याचं उत्तर असं की ताबा होताच. तो वापरण्याइतकी माहिती सरकारकडे स्वतःची होती का, हे विचारायला हवं.

सुरुवातीला नव्हती. पहिला आकडा आला दिवसाला 1000 पिंपांचा. एप्रिल संपायच्या आत तो 5000 झाला आणि कितीतरी दिवस तिथेच खिळून राहिला. समुद्रतळाचं चित्रीकरण बाहेर आल्यावर स्वतंत्र शास्त्रज्ञ म्हणू लागले की हे जमत नाही, प्रवाह याच्या कित्येक पट आहे. मग सरकारने स्वतःचा तज्ज्ञगट बसवला. मेअखेरीला त्याचा आकडा आला 12 ते 19 हजार. शेवटचा अंदाज सुरुवातीला दिवसाला 62 हजार पिंपं, पुढे साठ्यातला दाब उतरत गेल्यामुळे 53 हजार. म्हणजे ज्या आकड्यावर तयारी चालली होती त्याच्या दसपटीहून जास्त.

कुणी म्हणेल, आकडा चुकला तर चुकला, काम तर चालूच होतं ना? तसं नाही. मेच्या शेवटी विहिरीत वरून जड चिखल रेटून प्रवाह दाबायचा प्रयत्न झाला, तो फसला. समोरून येणारा प्रवाह दिवसाला 5000 पिंपांचा असेल तर ही युक्ती चालू शकते, 60 हजारांचा असेल तर चिखल तेलाबरोबरच बाहेर फेकला जातो. शिवाय अमेरिकेत दंड पिंपावर मोजतात. तेव्हा साधी चूक असेल तर पिंपाला 1100 डॉलरपर्यंत होता, घोर निष्काळजीपणा ठरला तर 4300 पर्यंत. आपलं बिल किती व्हावं हे गिऱ्हाइकालाच लिहायला दिलं तर तो काय लिहील? पुढे नोव्हेंबर 2012 मध्ये कंपनीने जे गुन्हे कबूल केले त्यात प्रवाहाच्या आकड्यांबाबत अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत अडथळा आणल्याचाही गुन्हा होता. एकूण किती तेल आलं यावर 2015 पर्यंत कोर्टात भांडण चाललं. सरकारचा अंदाज होता 49 लाख पिंपं, कोर्टाने दंडासाठी धरली 31.9 लाख.

याच प्रकरणातला दुसरा प्रसंग मी नव्या लोकांना नेहमी सांगतो. जुलैच्या मध्यावर विहिरीवर नवं टोपण, म्हणजे कॅपिंग स्टॅक, बसवलं आणि झडपा बंद केल्या. तेल थांबलं. टीव्हीवर सगळीकडे आनंदीआनंद. पण आतल्या खोलीत वेगळीच धाकधूक होती, कारण दाब अपेक्षेइतका चढत नव्हता. दाब चढत नाही याचे अर्थ दोन. एक तर साठा बराच रिकामा झालाय, म्हणजे चिंता नाही. नाहीतर केसिंग, म्हणजे विहिरीच्या आतून बसवलेला पोलादी पाइप, कुठेतरी फुटलंय आणि तेल बाजूच्या खडकात शिरतंय. दुसरं खरं असेल तर झडपा ताबडतोब उघडायला हव्यात. नाहीतर तेल समुद्रतळ फोडून भलतीकडूनच वर येईल, आणि मग ते कुठल्याही टोपणाने थांबणार नाही. सरकारच्या शास्त्रज्ञांतच दोन तट होते. त्या रात्री भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या एका भूजलतज्ज्ञाने, म्हणजे आयुष्यभर पाण्याच्या विहिरींचा अभ्यास केलेल्या माणसाने, मोबाइलवर आलेल्या आलेखाच्या फोटोवरून आकडे उतरवून घेतले आणि गणित मांडलं. साठा उतरल्याने दाब कमी दिसू शकतो, विहीर शाबूत असू शकते, असं त्याचं उत्तर आलं. झडपा बंद ठेवल्या गेल्या, पण 24-24 तासांची मुदत घालून. दर मुदतीला आसपासच्या समुद्रतळाची पाहणी करायची आणि मगच पुढची परवानगी.

झडपा फिरवणारे हात कंपनीचेच होते. त्या बंद ठेवायच्या की नाहीत हे ठरवणारं डोकं सरकारचं होतं, आणि त्याला स्वतःचं गणित करता येत होतं. एप्रिलमधलं सरकार आणि जुलैमधलं सरकार यांतला फरक तोच. कायदा, अधिकारी, कंपनी तीच होती.

म्हणून "कंपनीला बाजूला का सारलं नाही" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: कंपनीच्या इंजिनिअरला "थांब, हे पटत नाही" असं म्हणू शकणारी किती माणसं तुमच्या सरकारच्या पगारावर आहेत? हात भाड्याने मिळतात. डोळे आणि डोकं भाड्याने घेतलं की ते भाडं देणाऱ्याचंच होतं, आणि इथे शेवटी भाडं कंपनीच देत असते.

आता पाण्यावर आलेल्या तेलाकडे वळतो. हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

खुल्या समुद्रात सांडलेल्या तेलापैकी यंत्रांनी परत उचललं जातं ते साधारण दहा-पंधरा टक्के, आणि तेवढं झालं तरी आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो. 2010 साली हजारो बोटी लावूनही स्किमरने, म्हणजे पाण्यावरचं तेल उचलणाऱ्या यंत्राने, उचललेलं तेल होतं सुमारे 3 टक्के आणि पाण्यावर जाळलेलं सुमारे 5 टक्के. यात चोरी नाही, निसर्गाचा हिशोब आहे. तेल पसरतं, वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे 3 टक्के वेगाने सरकतं, वर प्रवाह नेईल तिकडे जातं. दोन-तीन दिवसांत ते पाणी पिऊन तपकिरी, चिकट लगदा होतं. बूमला आडवा येणारा प्रवाह पाऊण नॉटच्या आसपास गेला की तेल बूमखालून निसटतं, मग तुमची बूम जगातली सर्वात महागडी का असेना.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो साठवणुकीत. तेलाने पाणी प्यायलं की लगद्यात तीन चतुर्थांश पाणी असू शकतं, म्हणजे 100 टन तेल उचलायला 400 टनांची जागा हवी. आराखड्यात मात्र स्किमरची क्षमता ठळक अक्षरांत असते: तासाला इतके घनमीटर. त्याला चोवीसने गुणतात आणि म्हणतात, बघा, आमची तयारी सांडणाऱ्या तेलाहून मोठी आहे. मी घेतलेल्या एका सरावात सकाळी सात वाजता स्किमर पाण्यात उतरला आणि अकराच्या आत बार्जच्या, म्हणजे तेल साठवायच्या सपाट बोटीच्या, टाक्या भरल्या. पुढचा दिवसभर दोन बोटी, चौदा माणसं आणि एक उत्तम यंत्र चहा पीत बसलं. टाकीच्या तळाशी बसलेलं पाणी परत समुद्रात सोडू दिलं असतं तर काम चाललं असतं. पण त्या पाण्यात थोडं तेल असतंच, म्हणून ते सोडायला पर्यावरण खात्याची परवानगी लागते. ती कुणी द्यायची हे आराखड्यात लिहिलेलंच नव्हतं. फोनाफोनी झाली, उत्तर आलं दुसऱ्या दिवशी दुपारी. सराव होता म्हणून हसलो. खऱ्या गळतीत त्या तीस तासांत तेल किनाऱ्याला लागलं असतं.

दुसऱ्या एका सरावात दोन ठेकेदारांच्या बूम जोडायला घेतल्या तर त्यांची कडी एकमेकांत बसेनात. दोन्ही बूम प्रमाणित, दोन्हींची कागदपत्रं चोख. शेवटी दोरखंडाने बांधल्या. कडक नियमांबद्दल बोलताना मला ही कडी आठवतात.

नियमांचा मोठा भाग हा असा आगाऊ निर्णयांचा असतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, आमच्या धंद्यात तर विहीर खणायला घेण्याआधीच तहानेचा हिशोब मांडावा लागतो. तेल विरघळवणारं रसायन, म्हणजे डिस्पर्संट, घ्या. ते तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळवतं. पृष्ठभागावरचे पक्षी आणि किनारा वाचतो, पाण्यातल्या मासळीच्या अंड्या-पिल्लांना जास्त तेल भोगावं लागतं. म्हणजे कुणाला तरी दुखवायचंच आहे, कुणाला ते ठरवायचं. शिवाय तेल ताजं असतानाच ते लागू पडतं, लगदा झाल्यावर औषध गेलं वाया. हा निर्णय गळती चालू असताना बैठक बोलावून घेणं म्हणजे तो न घेणंच. किती खोलीच्या, किनाऱ्यापासून किती अंतराच्या पाण्यात, कुठल्या हंगामात चालेल, हे मच्छीमार आणि जीवशास्त्रज्ञांना एका टेबलाशी बसवून आधीच ठरवायचं असतं.

2010 साली जवळपास 70 लाख लिटर डिस्पर्संट वापरलं गेलं आणि त्यातला मोठा हिस्सा थेट विहिरीच्या तोंडाशी, दीड किलोमीटर खाली. तसं त्याआधी कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे आधी ठरवलेला नियमही नव्हता. पर्यावरण संस्थेने मध्येच वापर तीन चतुर्थांशांनी कमी करायला सांगितलं, आणि मग अपवाद म्हणून परवानग्या वारंवार दिल्या गेल्या. तो वापर चूक होता की बरोबर यावर माझे सहकारी अजून भांडतात. मला विचाराल तर किनाऱ्याच्या दलदलीत तेल शिरण्यापेक्षा ते बरं होतं. पण हे मत मी हात वर करून शपथेवर सांगणार नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण 1967 चं. मार्चमध्ये टोरी कॅन्यन हा टँकर सुमारे 1 लाख 19 हजार टन तेल घेऊन इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर चढला. कुणाकडेच आराखडा नव्हता. सरकारने किनाऱ्यावर हजारो टन विषारी धुलाईद्रव्य ओतलं आणि शेवटी लढाऊ विमानं पाठवून जहाजावर बॉम्ब टाकले. किनाऱ्यावरच्या जीवांचं तेलाने जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त त्या धुलाईद्रव्याने केलं. म्हणजे बघा, सरकारने सगळं स्वतःच्या हाती घेतलं तर काय होतं याचा नमुनाही इतिहासात आहे. त्या धक्क्यातून अमेरिकेची राष्ट्रीय आराखड्याची पद्धत आली, 1969 चा टँकरमालकांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार आला, आणि दुसऱ्या देशाचं जहाज असलं तरी किनाऱ्याला धोका असेल तर खुल्या समुद्रात हस्तक्षेप करायचा हक्कही आला.

कागदी घोडे कसे असतात तेही सांगतो. आखातातल्या त्या कंपनीच्या आराखड्यात जपायच्या प्राण्यांमध्ये वॉलरस होता. मेक्सिकोच्या आखातात वॉलरस! थंड प्रदेशासाठी केलेला आराखडा तसाच उतरवला होता आणि नियामकाने तो मंजूरही केला होता. दिवसाला अडीच लाख पिंपं सांडली तरी सामना करू, असंही त्याच आराखड्यात होतं. प्रत्यक्षात त्याचा चौथा हिस्साही झेपला नाही. कंपनीने नक्कल केली याचं मला फारसं नवल नाही. आराखडा वाचायचा पगार ज्याला होता त्याने तो वाचला नाही, राग येतो तो त्याचा.

तो का वाचला नाही? इथे तुमच्या कुंपणाच्या मुद्द्यात तथ्य आहे. परवाने देणारी संस्थाच तेलावरचा महसूलही गोळा करत होती. जिच्या कामाचं मोजमाप तिजोरीत किती आलं यावर होतं, तिच्याकडूनच "हे खोदकाम थांबवा" म्हणण्याची अपेक्षा होती. गळतीनंतर ती मोडून महसूल, भाडेपट्टे आणि सुरक्षा अशा तीन वेगळ्या संस्था केल्या. ब्रिटनने हे आधीच केलं होतं. 1988 मध्ये पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर 167 माणसं जळून-बुडून गेली, तेव्हा न्यायमूर्ती कलेन यांच्या चौकशीनंतर समुद्रातल्या सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून कामगार सुरक्षा यंत्रणेकडे दिलं. नॉर्वेने 2004 मध्ये दोन घरं वेगळी केली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या अपघातातून शिकायचं नाकारलं आणि स्वतःच्या अपघाताची वाट पाहिली, असं म्हणण्याचा मोह होतो. नॉर्वेला मात्र ते लागू नाही.

"नियम कडक असते तर टळलं असतं का" हा तुमचा दुसरा प्रश्न. कडक म्हणजे काय यावर ते आहे. नियम लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सरकार सांगतं, केसिंग इतकं खोल, झडपेची चाचणी इतक्या दिवसांनी. दुसरीत, जी ब्रिटनने पायपर अल्फानंतर घेतली, कंपनीने सिद्ध करायचं की आमच्या या जागेचे धोके हे आणि ते आम्ही असे आटोक्यात ठेवू. पहिली रीत तपासायला सोपी, पण तंत्र पुढे गेलं की नियम मागे पडतो. 2010 साली विहीर सोडण्याआधी सिमेंट धरलंय की नाही हे पाहणारी दाब उतरवून करायची चाचणी चुकीची वाचली गेली. ती करावीच आणि अशीच करावी असा नियमच तेव्हा नव्हता. दुसऱ्या रीतीत ही उणीव राहत नाही, पण समोर बसणारा निरीक्षक कंपनीच्या इंजिनिअरइतकाच तयारीचा लागतो. नाहीतर कंपनी शंभर पानी सुंदर निबंध लिहिते आणि निरीक्षक त्यावर शिक्का मारतो. पुन्हा गाडी डोक्यापाशीच येते.

आणि असलेल्या नियमातून सूट देणं हा तर जुनाच रोग. 1969 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्रतळ फाटून तेल आलं, तिथे नियमापेक्षा कमी लांबीचं केसिंग चालेल अशी सूट सरकारनेच दिली होती. म्हणून मी नियमांच्या पुस्तकापेक्षा सुटींची नोंदवही आधी मागतो.

राजकारणाबद्दल थोडंच. गळती टीव्हीवर आली की प्रत्येक पुढाऱ्याला आपल्या किनाऱ्यावर काहीतरी दिसेल असं हवं असतं. 2010 मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरांच्या आग्रहाने वाळूचे बांध घातले गेले. सुमारे 22 कोटी डॉलर गेले आणि चौकशी आयोगाच्या हिशोबाने अडलं ते फार तर 1000 पिंपं तेल. यावर मला आवडलेला तोडगा ब्रिटनचा. 1996 च्या सी एम्प्रेस टँकर अपघातात कोण ठरवणार याचाच गोंधळ झाला होता. त्यानंतर 1999 पासून तिथे एकच अधिकारी नेमलेला असतो, आणि प्रसंग चालू असताना मंत्र्याला त्याच्या कामात हात घालता येत नाही. पटत नसेल तर त्याला काढा, नाहीतर त्याच्या पाठीशी उभे राहा. तिकडे स्पेनमध्ये 2002 साली प्रेस्टीज हा फुटका टँकर आडोशाला घ्यायला कुणी तयार झालं नाही, त्याला खुल्या समुद्रात पिटाळलं. सहा दिवसांनी तो दुभंगला आणि एका खाडीत मावलं असतं ते तेल गालिसियापासून फ्रान्सपर्यंतच्या किनाऱ्यांना लागलं. आडोसा देणारा पुढारी एका गावाचा शत्रू होतो, पिटाळून लावणाऱ्याच्या चुकीचा मालक कुणीच नसतो.

आता पैशाची गोष्ट, कारण "खर्च कंपनीचा" हे वाक्य मी वर फार सहज लिहून गेलो. टँकरच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय करार आहेत, सक्तीचा विमा आहे, त्यावर तेल आयात करणाऱ्यांच्या वर्गणीतला निधी आहे. मच्छीमाराला चूक कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही, नुकसान दाखवावं लागतं. टँकरच्या मोठ्या गळत्या 1970 च्या दशकात वर्षाला सरासरी चोवीस-पंचवीस होत्या, 2010 च्या दशकात त्या वर्षाला दोनाच्याही खाली आल्या. दुहेरी कवच, चांगलं दिशादर्शन आणि हा विम्याचा धाक, तिन्हींचा त्यात वाटा आहे.

समुद्रातल्या विहिरींसाठी असा जागतिक करार आजही नाही. तुमच्या देशाचा कायदा असेल तसा आणि कंपनीची ऐपत असेल तेवढी. आखातातल्या प्रकरणात कायद्यातली नुकसानभरपाईची मर्यादा फक्त 7.5 कोटी डॉलर होती (सफाईचा खर्च वेगळा, त्याला मर्यादा नाही). घोर निष्काळजीपणा ठरला तर ती मर्यादा उडते, आणि कंपनी बडी होती, म्हणून पुढे 20.8 अब्ज डॉलरचा समझोता होऊ शकला. हीच विहीर एखाद्या फुटकळ कंपनीची असती तर? दिवाळं काढून मोकळी झाली असती. 1979 मध्ये मेक्सिकोच्या हद्दीतली इक्स्टॉक ही विहीर नऊ महिन्यांहून जास्त वाहिली, तेल टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं आणि मेक्सिकोने भरपाई द्यायला नकार दिला. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली मोंटारा 74 दिवस वाहिली. पलीकडे इंडोनेशियात समुद्रशेवाळाची शेती करणाऱ्या हजारो कुटुंबांना तडजोडीचा पैसा ठरायला 2022 साल उजाडलं. हद्द ओलांडणारं तेल म्हणजे कायद्यातली सगळ्यात मोठी फट आहे, आणि तिच्याबद्दल टीव्हीवर कुणी बोलत नाही, कारण तिचं चित्र काढता येत नाही.

लोकांचा सहभाग असावा का, असंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलं आहे. असावा, आणि त्याचा चांगला नमुना अलास्कातच आहे. एक्सॉन व्हाल्डेझच्या वेळी पहिले तीन दिवस समुद्र शांत होता. पण आराखड्यात जिचा भरवसा धरला होता ती बार्ज दुरुस्तीत होती. पाच तासांत पोचायची ती चौदा तासांनी पोचली, आणि पुरेशी साधनं उभी होण्याआधी वादळ आलं. त्यानंतर तिथे किनाऱ्यावरच्या गावांची, मच्छीमारांची, मूळ रहिवाशांची एक परिषद झाली. पैसे तेलकंपन्यांनी द्यायचे, पण तज्ज्ञ परिषद आपले नेमणार आणि अहवाल आपल्या मताने काढणार. तिथले मच्छीमार आपल्या बोटींसह दरवर्षी प्रशिक्षण घेतात, त्याचे पैसे त्यांना मिळतात. बूम कुठल्या खाडीत कुठल्या भरतीला टिकेल हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं. कंपनीचे पैसे आणि डोकं स्वतःचं, हे एकत्र नांदू शकतं याचा माझ्याकडे असलेला हा सर्वात चांगला पुरावा.

तुमच्या भागातला आराखडा बघायला मिळतो का, हे देशावर आहे. काही ठिकाणी तो जाहीर असतो, काही ठिकाणी माहिती मागावी लागते. मिळालाच तर प्रस्तावना सोडून द्या. सर्वात वाईट गळतीचा आकडा काय धरलाय ते पान काढा, मग उचललेलं तेल कुठे साठवणार ते पान, आणि तळाचं पाणी परत सोडायची परवानगी कुणाच्या सहीने मिळणार ते. मग त्या सहीवाल्याचा फोन नंबर लावून बघा. मी हे प्रत्येक आराखड्याला करतो, शक्यतो रविवारी पहाटे. गेल्या खेपेला तो नंबर एका निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या घरी लागला. ते सज्जन होते, रागावले नाहीत. त्यांच्या जागी आता कोण आहे हे त्यांनी सांगितलं आणि तो नवा माणूस सहसा फोन उचलत नाही हेही.